रोग कोणता आणि रंग कोणता?

सुगी आटोपून लग्नसराई जवळ आली की आमच्याकडे एक विचारणा हमखास येते. मुलीचा चेहरा काळवंडला आहे, काय लावावे? विचारणारी बहुधा आई असते आणि मुलगी तिच्यामागे ओढणी तोंडावर ओढून उभी असते. पुष्कळदा विचारण्यापूर्वीच काहीतरी लावून झालेले असते. शेजारणीला 'लागू पडलेली' एखादी ट्यूब दुकानातून आणलेली असते. म्हणून या वेळी बी-खताची माहिती बाजूला ठेवून आम्ही कातडीविषयी लिहीत आहोत. अर्थात, वाचकांच्या लक्षात येईल की विषय शेतापासून फार दूर जात नाही.

प्रथम रंगाचे पाहू. आपल्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात आणि त्या मेलॅनिन नावाचे द्रव्य बनवितात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. कमीजास्त असते ते मेलॅनिनचे प्रमाण व त्याच्या कणांचा आकार. उन्हातील जे किरण कातडीला अपाय करतात त्यांना हे द्रव्य अडविते. तेव्हा भाताच्या रोपलावणीला किंवा ऊसतोडीला दिवसभर राबणाऱ्याची कातडी काळी होते, ती आपले काम करते म्हणून. डोक्याला रुंद टोपी वा पदर आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, एवढे केले तरी उन्हाचा पुष्कळ त्रास वाचतो. या रंगाला औषध नाही आणि औषधाची गरजही नाही.

खाज येऊन कातडी काळी पडते, ती गोष्ट मात्र निराळी. तिचे एक मोठे कारण आपल्या बांधावर, रस्त्याकडेला, आणि खरे सांगायचे तर चर्चच्या आवारातसुद्धा उगवते: काँग्रेस गवत, ज्याला गाजरगवतही म्हणतात. हे अमेरिका खंडातले झाड. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम लक्षात आले, आणि परदेशातून आणलेल्या धान्याबरोबर ते आले असावे असे मानतात. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य काहींच्या कातडीला सोसत नाही. चार-पाच वर्षे निंदणी करूनही बाईला काही होत नाही, आणि मग एका वर्षी अचानक पापण्या, मान, कोपराचे खळगे खाजू लागतात. वाळलेल्या गवताचा चुरा वाऱ्याने उडतो, म्हणून गवताला हात न लावणाऱ्यालाही त्रास होतो. उन्हात गेले की आग वाढते. वर्षानुवर्षे खाजवून कातडी जाड, चरबरीत आणि काळी होते, आणि घरचे म्हणतात, "उन्हाने रापली."

येथे उपाय गवतावर करायला हवा. पहिल्या पावसानंतर जमीन ओली असताना, फुले येण्याआधी, ते मुळासकट उपटावे. फुलल्यावर उपटले तर हजारो बिया आपणच पेरल्यासारखे होते. हातमोजे घालावेत, तेही नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधावी. घरी आल्याबरोबर अंघोळ करून कपडे धुवावेत. ज्याला त्रास सुरू झाला आहे त्याने या कामाला जाऊच नये, दुसऱ्याला पाठवावे. साफ केलेल्या जागी टाकळा वाढू द्यावा, तो या गवताला दाबून टाकतो. मेक्सिकोतून आणलेला एक भुंगेरा १९८४ साली बंगळूर येथे सोडण्यात आला. पावसाळ्यात तो या गवताची पाने खातो. गवतावर तो दिसला तर कीड समजून त्यावर औषध फवारू नये.

आता त्या ट्यूबविषयी. गोरे करण्यासाठी म्हणून जी मलमे गावोगाव हातोहाती फिरतात, त्यांतील अनेकांत स्टेरॉईड असते. ट्यूबवर बारीक अक्षरांत बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल असे नाव आढळेल. सोबत हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइनही असू शकते. ही औषधे वाईट नव्हेत. योग्य रोगाला, योग्य जागी, ठरावीक दिवस डॉक्टर ती देतात. पण चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास काय होते ते ऐका. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, खाजही थांबते आणि घरात आनंद होतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते, आणि सकाळचे ऊनही सोसेनासे होते. ट्यूब थांबवली की चेहरा पेटल्यासारखा लाल होतो. घाबरून ती पुन्हा लावली की बरे वाटते. दारुड्याच्या सकाळसारखेच हे चक्र आहे. नायट्यावर लावले तर खाज दबते आणि नायटा आतल्या आत पसरतो. अशी अनेक मलमे केंद्र सरकारने २०१८ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकण्याच्या यादीत घातली. चिठ्ठी मागणारे दुकानदार किती, हे वाचकांनाच अधिक ठाऊक. काही बेनामी क्रीममध्ये पारा सापडतो आणि तो मूत्रपिंडे बिघडवितो. ज्या डबीवर बनविणाऱ्याचा पत्ता नाही ती घरात आणू नये.

रंग लपविण्याच्या या नादात कातडी देत असलेली बातमी वाचायची राहून जाते, ही आमची खरी तक्रार आहे. मानेमागची कातडी मखमलीसारखी जाड व काळी झाली तर ती दगडाने घासू नका, रक्तातील साखर तपासून घ्या. फिकट चट्टा असेल आणि तेथे स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याची औषधे मोफत मिळतात, आणि सहा महिने ते वर्षभरात रोग बरा होतो. चट्ट्यावर क्रीम चोपडीत बसल्यास तेवढ्यात हाताची बोटे निकामी होतात. आणखी एक. बाळंतपणानंतर सून 'गोरी दिसू लागली' म्हणून कौतुक होते, तेव्हा तिची खालची पापणी ओढून पाहावी. आत लाली नसेल तर तो रक्तक्षय होय.

सोयरिकीच्या बैठकीत आम्ही पुष्कळदा ऐकतो: "मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस." हा 'पण' फार जुना आहे. गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायातील वधू भावांनी मळ्याच्या राखणीला लावल्यामुळे उन्हाने करपलेली आहे, म्हणजे आपल्यातलीच. तेथे तिच्या काळेपणाला आणि सौंदर्याला जोडणारे हिब्रू अव्यय एकच अक्षराचे असून त्याचा अर्थ 'आणि' असाही होतो व 'पण' असाही. जुन्या ग्रीक भाषांतरात 'आणि' आहे. संत जेरोम यांनी लॅटिनमध्ये 'पण' घातला आणि तोच पुढे शतकानुशतके चालला. सेमिनरीत हे शिकलो तेव्हा ती व्याकरणातील बारीक गोष्ट वाटली होती. बैठकीत बसल्यावर ती तशी वाटत नाही.

गोव्यात १९०२ साली जन्मलेले चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून पवित्र मरियेची चित्रे काढली, साडी नेसलेली, आपल्याकडच्या बाईसारखी. त्या काळी गोव्यातील पुष्कळांना ती रुचली नाहीत. आपल्या नाताळच्या देखाव्यात आजही देवदूताचे पंख वर्गातल्या सर्वांत गोऱ्या मुलीलाच मिळतात, हे आम्हास खटकते. १९७५ पासून विकल्या जाणाऱ्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली नावातील 'फेअर' काढून 'ग्लो' घातले. बैठकीतला प्रश्न मात्र अजून तोच आहे. मूळच्या गोव्याकडच्या घरांत लग्नाआधी 'रोस' करतात. नवऱ्यामुलीच्या अंगाला नारळाचा रस लावताना तिचा रंग कोणी विचारीत नाही. सगळे घर हात लावते, एवढेच.

टाचांच्या भेगांना कोकमाचे तेल रात्री किंचित गरम करून लावावे, याहून चांगले मलम आम्हास ठाऊक नाही. काजू फोडणाऱ्यांनी हाताला आधी तेल व राख चोळावी, टरफलातील चीक कातडी भाजतो.

घरात असलेली ट्यूब लपवू नका आणि एकदम बंदही करू नका. रविवारच्या मिस्सेनंतर ती दवाखान्यातील सिस्टरांना दाखवावी. त्या नाव वाचून सांगतील आणि लागल्यास त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे पाठवतील. डॉक्टरांकडे जाताना ट्यूब आणि तिचे खोके दोन्ही बरोबर न्यावे.