छाया कोणत्या बाजूस?

समीकरणाचा आलेख काढला कीं रेषा मिळते. असमीकरणाचा काढला कीं त्या रेषेची एक संपूर्ण बाजू मिळते. हा भेद ध्यानीं न धरतां कित्येक विद्यार्थी छायांकित आकृतीस जुळणारा असमीकरणांचा संच निव्वळ तर्कानें निवडतात. 'लहान'चें चिन्ह दिसलें कीं छाया रेषेखालीं, 'मोठें'चें दिसलें कीं वर, असा त्यांचा समज असतो. तो किती फसवा आहे तें पाहूं.

समजा, एक त्रिकोण छायांकित असून त्याचे कोनबिंदु (०, ०), (०, ६) व (४, २) आहेत. तिन्ही बाजू अखंड रेषांच्या आहेत. प्रथम छाया विसरून हद्दी ओळखाव्या. त्या क्ष + य = ६, क्ष − २य = ० आणि क्ष = ०, म्हणजे य-अक्ष, अशा निघतात.

आतां बाजू ठरवावयाची. पहिल्या रेषेच्या ज्या अंगास छाया आहे त्याच अंगास आरंभबिंदु आहे. तेथें क्ष + य ची किंमत ०, म्हणून क्ष + य ≤ ६. दुसरी रेषा मात्र आरंभबिंदूंतूनच जाते. जो स्वतः बांधावर उभा, त्याची साक्ष कोणत्या शेताकडून घेणार? म्हणून छायेंतील (१, २) हा बिंदु घेऊं. १ − ४ = −३; अर्थात् क्ष − २य ≤ ०. चिन्ह 'लहान'चें, तरी छाया रेषेच्या वर! य च्या मागील ऋणचिन्हाचा हा प्रताप. तिसरें असमीकरण क्ष ≥ ० हें उघडच आहे.

एखाद्या संचांत यांखेरीज य ≥ ० असेंहि दिलें असेल तर गोंधळूं नये. क्ष ऋण नाहीं आणि २य हा क्ष हून कमी नाहीं, तेव्हां य ऋण होणें शक्यच नाहीं. तें असमीकरण छायेचा कणहि कापीत नाहीं. एका आकृतीस दोन संच जुळले तर तो परीक्षकाचा दोष नव्हे. उलट, क्ष + य ≤ २ व क्ष + य ≥ ५ या जोडीस छायाच नाहीं. कोरा कागद हेंच तिचें उत्तर.

या रंगकामाचा व्यवहारांत उपयोग काय, असें पालक विचारतील. लेनिनग्राडच्या प्लायवूड-उद्योगानें लिओनिद कांतोरोविच या गणितज्ञास विचारलें कीं, निरनिराळें लाकूड निरनिराळ्या यंत्रांवर कसें वांटावें म्हणजे माल सर्वांत अधिक निघेल? यंत्रांची शक्ति मर्यादित, म्हणून प्रत्येक मर्यादा एक असमीकरण. कांतोरोविचनें १९३९ सालीं आपली रीत प्रसिद्ध केली. १९४७ सालीं अमेरिकेंत जॉर्ज डँट्झिग यानें एका कोनबिंदूवरून शेजारच्या अधिक लाभाच्या कोनबिंदूवर सरकत जाण्याची 'सिंप्लेक्स' रीत शोधिली. कोनबिंदूंवरच भर कां? छाया चोहोंकडून बांधलेली व हद्दी अखंड असतील, तर अशा राशीची कमाल किंमत एका तरी कोनबिंदूवर सांपडतेच.

आपल्या त्रिकोणांत २क्ष + य ची किंमत तीन कोनबिंदूंवर ०, ६ व १० येते. सर्वांत मोठी (४, २) येथें. पण क्ष + य = ६ ही रेषा तुटक काढलेली असती, तर तिच्यावरील बिंदु छायेंत धरतां आले नसते. मग १० च्या हवें तितकें जवळ जातां आलें असतें, परंतु कमाल किंमत अशी कोठेंच सांपडली नसती.