वाखरीची वाट : पोचल्यानंतरचे चालणे

॥ राम कृष्ण हरि ॥

वारकरी सज्जनहो, या पाठासाठी वारीतला अगदी शेवटचा टप्पा घेतला आहे. वाखरी ते पंढरपूर ही वाट उणीपुरी दोन-अडीच कोसांची. आळंदी-देहूकडील मंडळींच्या दृष्टीने ती सरळ आहे. वाखरी लागली की पुढे पंढरी. पण आपल्या खानदेशातून जी आदिशक्ती मुक्ताईची पालखी निघते, तिच्या बाबतीत या वाटेत एक गूढ आहे. बरेच जण ती वाट दरवर्षी चालतात, पण थांबून विचारीत नाहीत. म्हणून तो विचार आज करू.

विषयप्रवेश

जळगाव जिल्ह्यात तापी-पूर्णेच्या परिसरात कोथळी-मेहुण हे मुक्ताईचे ठिकाण. पूर्वीचे एदलाबाद, आताचे मुक्ताईनगर. शके १२१९, म्हणजे इसवी सन १२९७ च्या वैशाख वद्यात तापीतीरी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. तिचा शिष्य चांगदेव, त्याच्या नावाचे गाव आणि मंदिरही जवळच, संगमावर. तेथून ज्येष्ठात पालखी निघते. मोताळ्यापुढे राजूर घाट चढून बुलढाणा. मग चिखली, देऊळगावराजा, जालना. शहागडजवळ गोदावरी ओलांडून गेवराई, बीड. पुढे बालाघाटाचे डोंगर, आणि भूम-माढ्याच्या अंगाने भीमातीर. सुमारे एक महिन्याची चाल. अंतर आळंदी-पंढरपूरच्या दुपटीहून अधिक.

आता गूढ ते असे. मानाच्या पालख्यांत ही पालखी सर्वांत लांबून येणाऱ्यांपैकी. तरी पंढरीत ती इतरांच्या आधी पोचते. पूर्वेच्या बाजूने येते, भीमा ओलांडते, आणि दशमीच्या एक-दोन दिवस आधीच पंढरीत उतरते. चंद्रभागा दिसली, कळस दिसला, पाय थांबले. आणि मग आषाढ शुद्ध दशमीला तीच पालखी उठते, पंढरीकडे पाठ करून वाखरीला जाते, आणि तेथून पुन्हा पंढरीला चालत येते!

शंका आणि समाधान

शंका १. तर्कशास्त्र शिकलेला विचारील, साध्य हाती आल्यावर साधनाचे काय काम? नदी उतरल्यावर नाव डोक्यावर घेऊन कोणी हिंडतो काय? पंढरी गाठली, मग परत मागे फिरण्याचे प्रयोजन कोणते?

समाधान. प्रश्न योग्य आहे. जेथे साधन निराळे आणि साध्य निराळे, तेथे तो बिनतोड आहे. भाकरी झाली की चूल विझवावी. परंतु भक्तीच्या ठिकाणी हा नियम लागत नाही. नारदांच्या भक्तिसूत्रांचा सिद्धान्तच असा, की भक्ती ही स्वतःच फळ आहे. तिच्यापलीकडे मिळवायचे काही नाही. म्हणून वारकऱ्याचे चालणे पंढरी आल्याने संपत नाही, तेथे त्याचे रूप बदलते. इतके दिवस आपण देवासाठी चाललो, आता देवाकडे येणाऱ्यांसाठी चालायचे.

संस्कृतात याला सुंदर शब्द आहे, प्रत्युद्गमन. पाहुणा दारात येईपर्यंत आत बसून न राहता उठून, चार पावले पुढे जाऊन त्याला घेऊन येणे. आपल्या मराठीत 'सामोरे जाणे'. आतिथ्याच्या धर्मात जाणाऱ्यास पोचवीत जाणे जसे सांगितले आहे, त्याला अनुव्रजन म्हणतात, तसेच येणाऱ्यास सामोरे जाणेही. वाखरीची वाट ही अशी सामोरे जाण्याची वाट होय.

आणि बघा, सामोरे कोण जातात? पंढरीहून नामदेवरायांची पालखी निघते. ते तर पंढरीचेच. आणि मुक्ताई जाते, जी आदल्याच दिवशी महिनाभर चालून आलेली. पंढरीच्या रहिवाशाने पाहुण्यांना आणावयास जावे हे रीतीचे आहे. पण स्वतः पाहुणी असून जिने यजमानाचे काम अंगावर घ्यावे, ती मुक्ताई! वाखरीला तिला निवृत्तिनाथ भेटतात, माउली भेटतात, सोपानकाका भेटतात. चार भावंडांच्या समाध्या चार ठिकाणी: आळंदी, सासवड, त्र्यंबकेश्वर आणि तापीतीर. पालख्यांच्या रूपाने ती वाखरीच्या माळावर एकत्र येतात. त्या वेळी टाळ वाजवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा हात मध्येच थबकतो. का, ते सांगावे लागत नाही.

शंका २. मुक्ताई सर्वांत धाकटी. तिनेच का पुढे जावे?

समाधान. कारण तिचा स्वभावच तो. दोन कथा आठवा. आळंदीस ज्ञानदेव लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ताटी लावून आत बसले. आत बसलेला काही सामान्य नव्हता, पोचलेला होता. पण पोचलेल्यानेच दार लावून घेतले तर जगाने जावे कोठे? धाकटी बहीण दाराशी उभी राहिली आणि तिने त्याला बाहेर बोलावले. ताटीचे अभंग म्हणतो ते हेच. दुसरी कथा तेरच्या गोरोबाकाकांच्या घरची. संतमंडळीत मडकी कच्ची-पक्की पाहण्याचा जो प्रसंग झाला, त्यात मुक्ताईचा पुढाकार होता, आणि नामदेवराय कच्चे ठरले. पुढे विसोबा खेचरांकडे जाऊन त्यांना गुरुकृपा झाली. जिने एकदा कच्चा म्हटले आणि ज्यांना तो शब्द लागला, ते दोघे आज वाखरीला इतरांना आणण्यासाठी जातात. रागाचा मागमूस नाही. माझ्या मते, नवीन कीर्तनकारांनी वाखरीवर बोलताना एवढी एक गोष्ट जरी श्रोत्यांच्या मनावर ठसवली तरी पुरे.

आणखी एक खूण. वाखरीहून पालख्या निघतात तेव्हा माउलींची पालखी सर्वांच्या शेवटी असते, तुकोबांची तिच्या पुढे. राजाच्या मिरवणुकीत मोठा पुढे असतो; येथे मोठा मागे. सर्व लेकरे पुढे गेली की नाही हे पाहून आई घराबाहेर पडते, तसे हे आहे. एक सामोरी जाते, एक मागे राहते. दोन्हींचा अर्थ एकच, की एकट्याने पोचणे हे पोचणे नव्हे.

शंका ३. मग ज्यांना चालवत नाही, जे मोटारीने येऊन वाखरीपासूनच चालतात, त्यांची वारी खरी की खोटी?

समाधान. हा प्रश्न दिंडीत फार चवीने चघळला जातो. तो सोडून द्यावा. २०२० साली महामारीत पायी वारी बंद झाली, मुक्ताईच्या पादुका एस.टी.ने पंढरीस गेल्या. २०२१ सालीही पादुका एस.टी.नेच आल्या; तेव्हा वाखरीपासून थोडेसे अंतर मोजक्या वारकऱ्यांना प्रतीकरूपाने पायी चालण्याची परवानगी होती. २०२२ मध्ये पायी सोहळे पुन्हा सुरू झाले. आता पहा, सगळी वाट गेली तेव्हा राखून ठेवला तो शेवटचा टप्पाच. म्हणून जो शरीराने दुबळा आहे त्याने वाखरीपासून चार पावले टाकली तर त्याला हसू नये. मात्र ज्याचे पाय धड आहेत आणि केवळ कंटाळ्याने जो गाडीत बसतो, त्याने स्वतःलाच विचारावे. उत्तर त्याला ठाऊक असते.

आचरण

सिद्धान्त ऐकून घरी गेलो तर पाठ अर्धा राहिला. शेवटच्या टप्प्यात काय सांभाळावे ते सांगतो.

पहिले, दिंडी सोडू नये. महिनाभर जो शिस्तीने विणेकऱ्याच्या मागे चालला, तोच कळस जवळ आला की टाळ पिशवीत टाकून दर्शनबारीकडे धावतो. मागे राहते कोण? गुडघे धरून चालणारी तुळशीवाली मावशी. सामोरे जाण्याच्या वाटेवर आपण तिला मागे टाकले, तर वाखरीला जाऊन आलो काय आणि न आलो काय?

दुसरे, दर्शनाचा अट्टाहास नको. आषाढीला पदस्पर्शाची रांग तासन् तास चालते. ज्याला जमेल त्याने जरूर उभे राहावे. न जमेल त्याने चंद्रभागेचे स्नान करावे, नगरप्रदक्षिणा करावी, नामदेव पायरीजवळ माथा टेकावा, कळसाला हात जोडावेत. कळसदर्शनाने वारी उणी राहते असे आपल्या संप्रदायात कोणी मानीत नाही.

तिसरे, शरीर हे देवाचे वाहन आहे. दशमीच्या दिवशी उत्साहात पाणी पिण्याचे भान राहत नाही, आणि गर्दीत भोवळ येते. पायाच्या फोडाला स्वच्छ फडके बांधावे, कोरडे ठेवावे. अंगठ्याने फोडू नये. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी आपले औषध कमरेला बांधावे, ट्रकमधल्या वळकटीत ठेवू नये. आणि चंद्रभागेला आई म्हणता ना? मग तिच्या वाळवंटात घाण करू नका.

चौथे, आणि हे घरी राहिलेल्यांसाठी. ज्येष्ठ-आषाढ म्हणजे आपल्याकडे कपाशीच्या, ज्वारीच्या पेरणीचे दिवस. खानदेशातला शेतकरी पाऊस आभाळात आणि बियाणे घरात ठेवून निघतो, ही लहान गोष्ट नाही. त्याच्या मागे शेजाऱ्याने त्याची दोन तासे पेरून दिली, तर त्या शेजाऱ्याचीही वारी झाली असे मी समजतो. तसेच धुळे-अमळनेरकडे काय किंवा मुक्ताईच्या मार्गावरच्या गावांत काय, दिंडी गावाशी येते तेव्हा घरात बसून 'आली का?' असे विचारू नका. उठा, वेशीपर्यंत जा. पाण्याचा तांब्या घेऊन जा, दोन भाकऱ्या पिठल्याबरोबर बांधून घेऊन जा. काही नसेल तर रिकामे हात जोडून जा. वेस हीच तुमची वाखरी.

उपसंहार

'वारी' या शब्दात पुन्हा पुन्हा येणे-जाणे आहे. एकदा गेलो आणि संपले, ही यात्रा झाली, वारी नव्हे. हे पुन्हा पुन्हा जाणे कशाचे, ते वाखरीच्या वाटेवर कळते. ज्ञान झाले त्याने अज्ञान्याला, सुखात आहे त्याने दुःखिताला, घरात सून आली तर सासूने सुनेला, भावाभावांत अबोला असेल तर ज्याला अधिक समजते त्याने दुसऱ्याला सामोरे जावे. धाकट्याने जावे की थोरल्याने, हा वाद मुक्ताईने मिटवला आहे. ज्याला आधी पोचता आले, त्याने आधी निघावे.

यंदा दशमीला वाखरीच्या माळावर उभे राहाल, तेव्हा पंढरीच्या बाजूकडून येणारी पताका पाहा. ती आपल्या खानदेशची आहे. पोचून परत आलेली आहे. तिला दंडवत घाला, आणि तिच्यामागे चालू लागा.

॥ पुंडलीक वरदा हरि विठ्ठल ॥