आचारसंहिता आणि शील



ब्रिटनमध्ये १९९५ साली नोलन समितीने सार्वजनिक पदांवरील व्यक्तींसाठी सात तत्त्वे सांगितली : निःस्वार्थीपणा, सचोटी, वस्तुनिष्ठता, उत्तरदायित्व, खुलेपणा, प्रामाणिकपणा आणि नेतृत्व. २०१०च्या कायद्याने सनदी सेवकांच्या आचारसंहितेलाही कायद्याचा आधार दिला.

तरीही सरकारी मालकीच्या पोस्ट ऑफिसात काय घडले? होरायझन या संगणक प्रणालीने हिशेबात नसलेली तूट दाखवली आणि १९९९ ते २०१५ या काळात ९००हून अधिक पोस्टचालक दोषी ठरले. प्रणालीतच दोष होते, हे उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. मी याच क्षेत्रात काम करतो. सॉफ्टवेअरमध्ये दोष असतातच. अनर्थ होतो तो माहीत असलेला दोष लपवल्याने. सात तत्त्वे तेव्हाही होतीच.

भिक्खू संघालाही नियम होते. पण दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी पातिमोक्खाचे पठण होई आणि प्रत्येक विभागानंतर तीनदा विचारले जाई, की यात आपण परिशुद्ध आहात ना? आचारसंहितेलाही अशी नियमित विचारणा हवी आणि खरे बोलणाऱ्याला संरक्षण हवे. लादलेला नियम भीतीपोटी पाळला जातो. स्वतः ग्रहण केलेले शील कोणी पाहत नसतानाही पाळले जाते.

आपल्यातले अनेक जण कौन्सिलमध्ये, एनएचएसमध्ये नोकरी करतात. येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर प्रत्येकाने स्वतःला विचारावे : कामावर ठाऊक असलेले कोणते सत्य सांगायचे मी टाळले?

भवतु सब्ब मंगलं.