ऐकू येत नाही, यात लाज कसली?

लिंबागणेश हे बीड तालुक्यातले गाव. इथे भालचंद्र गणपतीचे देऊळ आहे. देवळात घंटा वाजते. ती सगळ्यांना ऐकू येते. पण सगळ्यांना येते का?

समजा, पारावर एक आबा बसले आहेत. आपण विचारतो, "आबा, तूर काढली का?" आबा म्हणतात, "हो, जेवण झालं." पोरे हसतात. आपणही हसतो. दुसऱ्या दिवशी आबा पारावर येत नाहीत. बाजारात भाव नीट ऐकू येत नाही, तरी ते मान हलवतात आणि तोटा सोसतात. घरची माणसे म्हणतात, "जाऊ द्या, त्यांना कुठं ऐकू येतंय!" भरल्या घरात आबा एकटे पडतात.

कमी ऐकू येणे हे पाप नव्हे. आवाज कानाच्या पडद्यावर आदळतो. आत तीन चिमुकली हाडे हलतात. त्यापलीकडच्या नाजूक पेशी मेंदूला खबर देतात. म्हातारपणाने, मोठ्या आवाजाने, कान वाहिल्याने यात बिघाड होतो. कधी नुसता मळ साचतो. तो डॉक्टर काढतात. म्हणून आधी कान तपासून घ्यावा. कानात काडी किंवा तेल घालू नये.

डोळ्याला कमी दिसले की आपण चष्मा लावतो. चष्म्याला कोणी हसत नाही. मग कानाच्या यंत्रालाच का हसावे? यंत्र आवाज मोठा करते. सुरुवातीला भांड्यांचा आवाजही नकोसा वाटतो. म्हणून यंत्र पेटीत टाकू नये. रोज थोडा थोडा वेळ लावावे. हळूहळू सवय होते.

अंबाजोगाईला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ सालापासून याच कामाला वाहिलेली आहे. गरजूंना साधने मिळावीत म्हणून केंद्र सरकारची योजना १९८१ साली सुरू झाली. बीडच्या जिल्हा रुग्णालयात तिची चौकशी करावी.

आपणही एवढे करू. समोर बसू. तोंड दिसेल असे, सावकाश बोलू. ओरडणार नाही. हसणार तर नाहीच.

यंत्र लावून आबा पुन्हा पारावर आले, तर त्यांना जागा कोण करून देईल? आपणच ना?

सांगा पाहू :
१. आबांनी पारावर येणे का सोडले?
२. कान आधी का तपासावा?
३. तुमच्या घरात कोणाला कमी ऐकू येते? तुम्ही त्यांच्याशी कसे बोलता?