चाळीस दिवसांची अमानत

नागपूर हे हजयात्रेच्या प्रस्थान केंद्रांपैकी एक आहे. येथून निघणारे यात्रेकरू साधारणतः चाळीस दिवस घराबाहेर असतात. निघण्यापूर्वी कर्ज फेडावे, लोकांच्या अमानती परत कराव्यात, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु आपल्या पश्चात दुकानाचा, घराचा किंवा मशिदीच्या कमिटीचा कारभार कोणावर व कसा सोपवावा, याचा विचार क्वचितच होतो. वास्तविक अधिकारपद हीसुद्धा अमानतच आहे, आणि अमानत लायक व्यक्तीकडेच सोपविण्याची कुरआनची आज्ञा आहे (सूरह निसा : ५८).

ह. मूसा (अलै.) तूर पर्वतावर गेले, तो काळही चाळीस रात्रींचाच होता. जाताना त्यांनी समाजाची धुरा बंधू ह. हारून (अलै.) यांच्यावर सोपविली, सुधारणा करावी व बिघाड माजविणाऱ्यांच्या मागे जाऊ नये, अशी स्पष्ट सूचना दिली (सूरह आराफ : १४२). परतल्यावर लोक वासराची पूजा करताना आढळले, तेव्हा त्यांनी भावाला जाब विचारला. लोकांनी आपल्याला दुर्बल लेखले व ते जिवावर उठले होते, हे हारून (अलै.) यांनी सांगताच मूसा (अलै.) यांनी दोघांसाठी क्षमायाचना केली. योग्य नेमणूक, स्पष्ट सूचना, नंतर हिशेब आणि हिशेब घेताना न्याय, असा हा क्रम आहे.

परंतु काम सोपविले आणि अधिकार हातीच ठेवला, तर ते सोपविणे नव्हे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपल्या अखेरच्या दिवसांत ह. उसामा (रजि.) यांना सेनापती नेमले. त्यांचे वय जेमतेम अठरा-वीस वर्षांचे होते. पैगंबर (स.) यांच्या निधनानंतर सेनापती बदलावा, असा आग्रह झाला, खलीफा ह. अबू बकर (रजि.) यांनी तो ठामपणे नाकारला. त्या सैन्यात ह. उमर (रजि.) हेही होते. मदीनेच्या कारभारासाठी त्यांची गरज होती. खलीफांना आज्ञा देता आली असती. तथापि त्यांनी उसामांकडे परवानगी मागितली! अधिकार दिला म्हणजे त्याचा मान आधी देणाऱ्याने राखावयाचा असतो.

आपल्याकडे मुलाला दुकानात बसविले जाते, पण गल्ल्याची किल्ली व उधारीची वही वडिलांकडेच राहते. मग चूक झाली की दोष मात्र मुलाचा! संस्थांचीही हीच गत असते. सर्व माहिती एकाच व्यक्तीकडे राहिली, तर तिच्या पश्चात जकातीच्या पैशांचा हिशेबही लागत नाही, आणि त्यात गोरगरिबांचा हक्क बुडतो.

म्हणून हजला निघण्यापूर्वी येणे-देणे लिहून ठेवावे. लिहिण्याची आज्ञा कुरआननेच दिली आहे (सूरह बकरा : २८२). कोणता निर्णय कोण घेईल, हे पत्नीला, मुलांना व सहकाऱ्यांना एकत्र बसवून सांगावे. नंतर मक्केतून दररोज फोन करून प्रत्येक गिऱ्हाईकाची चौकशी करू नये. मात्र काम दुसऱ्यावर सोपविले, तरी अल्लाहसमोरील आपली जबाबदारी संपत नाही. प्रत्येक जण राखणदार आहे आणि त्याला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, ही पैगंबरांची (स.) शिकवण सोपविणारा व स्वीकारणारा या दोघांसाठीही आहे.

अल्लाह आपणा सर्वांना अमानत जपण्याची व ती योग्य हाती देण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.