आधीं त्याचें म्हणणें सांगा

बांधावरून दोघां भावांचें भांडण जुंपलें म्हणजे काय होतें, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. एक बोलत असतां दुसरा ऐकत नाहीं. तो आपलें उत्तर मनांत जुळवीत असतो. असें कां होतें व त्यावर उपाय काय, याचा आज आपण थोडा विचार करूं.

अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२-१९८७) यांनीं १९५१ सालीं एका व्याख्यानांत याविषयीं विवेचन केलें. त्यांचें म्हणणें असें कीं, दुसऱ्याचें बोलणें कानीं पडतांच तें बरें कीं वाईट हें ठरविण्याची आपणांस घाई होते. आणि राग जितका अधिक, तितकी ही घाई अधिक. यावर त्यांनीं एक नियम सुचविला. आधीं समोरच्याचें म्हणणें व त्याच्या मनांतील भावना हीं आपल्या तोंडानें सांगावीं. 'होय, हेंच माझें म्हणणें,' असें तो कबूल करील तेव्हांच आपली बाजू मांडावी.

समजा, पावसाळ्यांत थोरल्यानें मधला बांध फोडला व धाकट्याची माती वाहून गेली. धाकटा हा नियम पाळून म्हणतो, "दादा, तुझ्या शेतांत पाणी तुंबलें, बाजरी पिवळी पडूं लागली, म्हणून तुला धीर धरवेना. असेंच ना?" थोरला म्हणतो, "तेवढेंच नव्हे. तुला विचारायला मी तुझ्या दारापर्यंत आलों होतों. पण वर्षभर तूं माझ्याशीं बोलला नव्हतास, म्हणून तसाच परतलों." पाहा, भांडण बांधाचें दिसत होतें, खरें शल्य निराळेंच होतें.

मग थोरल्याची चूक बरोबर ठरली काय? मुळींच नाहीं. समजून घेणें म्हणजे मान्य करणें नव्हे. थोरल्यानेंही धाकट्याचें दुःख तसेंच बोलून दाखविलें पाहिजे. मातीची भरपाई राहतेच. परंतु आतां ती मागतां येते व देतांही येते.

रॉजर्स यांनीं बजाविलें आहे कीं, ह्यास धैर्य लागतें. कारण दुसऱ्याच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास आपलेंच मत बदलण्याचा संभव असतो. राग अनावर असेल तेव्हां कोणा तटस्थ तिसऱ्यानें दोघांचेंही म्हणणें समजून घेऊन एकमेकांस उलगडून सांगावें.

ज्याच्याशीं आपलें बोलणें तुटलें आहे त्याची बाजू, तो 'होय' म्हणेल अशा शब्दांत, आपणांस सांगतां येईल काय? येत नसेल, तर आपण अद्याप त्याचें ऐकलेंच नाहीं.