दारासुरम् : वारसास्थळाच्या सान्निध्यातील कलाकेंद्र आणि शाश्वत वास्तुरचना

तमिळनाडूतील कुंभकोणमलगत असलेले दारासुरम् हे तेथील ऐरावतेश्वर मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. चोळ राजा दुसरा राजराज याने बाराव्या शतकात बांधलेल्या या मंदिराचे विमान २४ मीटर उंच असून पुढील मंडपाला चाके व घोडे कोरून रथाचे रूप दिले आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत १९८७ मध्ये स्थान मिळाले. २००४ मध्ये या नोंदीचा विस्तार होऊन त्यात गंगैकोंडचोळपुरम् व दारासुरम् येथील मंदिरांचा समावेश झाला. दारासुरमला रेशीम विणकरांची वस्ती आहे, तर जवळच्या स्वामीमलै येथे कावेरीच्या गाळमातीचे साचे करून पंचधातूच्या मूर्ती ओतल्या जातात.

अशा परिसरात गोंदणकलेची शाळा व सामुदायिक कलाकेंद्र उभारावयाचे झाल्यास त्याची वास्तू कशी असावी? या प्रश्नात वारसा संरक्षण, पर्यावरण, सार्वजनिक आरोग्य आणि उपजीविका हे चारही विषय एकत्र येतात.

गोंदण : अमूर्त वारसा

महाराष्ट्रातील गोंदणाप्रमाणे तमिळनाडूत ‘पच्चै कुत्तु’ ही परंपरा आहे. कुरवर समाजातील स्त्रिया गावोगावी फिरून गोंदत असत. त्यातील अनेक आकृत्या अंगणातील कोलमशी, म्हणजे तेथील रांगोळीशी, नाते सांगतात. शहरांत टॅटूचा व्यवसाय वाढला. मात्र पारंपरिक गोंदणारणींना त्यात फारसे स्थान मिळाले नाही. अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी युनेस्कोने २००३ मध्ये केलेल्या कराराला भारताने २००५ मध्ये मान्यता दिली. कौशल्य एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जाणे हा या कराराचा गाभा आहे. त्या दृष्टीने अशी शाळा उपयुक्त ठरते.

कायद्याची चौकट

प्राचीन स्मारके कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून किमान १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र ‘प्रतिषिद्ध’ असून त्यापुढील किमान २०० मीटर क्षेत्र ‘विनियमित’ आहे. प्रतिषिद्ध क्षेत्रात खासगी नवे बांधकाम करता येत नाही. जुन्या वास्तूची दुरुस्ती व नूतनीकरण परवानगी घेऊन करता येते. विनियमित क्षेत्रात बांधकामासाठी पूर्वपरवानगी आवश्यक असते. या अर्जांवर राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस घेतली जाते.

ही बंधने अडथळा वाटली, तरी त्यांतून शाश्वततेचा पहिला धडा मिळतो. उभे असलेले घर वापरणे हे नवे घर बांधण्यापेक्षा बहुतेक वेळा कमी खर्चिक व पर्यावरणाला कमी हानिकारक असते. कारण विटा, चुना व लाकूड यांसाठी लागलेली ऊर्जा आधीच खर्च झालेली असते. चेन्नईजवळील ‘दक्षिणचित्र’ हे १९९६ मध्ये खुले झालेले केंद्र याचे उत्तम उदाहरण होय. लॉरी बेकर यांच्या आराखड्यातून साकारलेल्या या परिसरात दक्षिणेतील जुनी घरे उतरवून पुन्हा उभारण्यात आली आणि तेथे कारागिरांची प्रात्यक्षिकेही होतात.

पाण्याची कसोटी

दारासुरमचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. शतकांच्या ओघात सभोवतालची जमीन व रस्ते उंच होत गेले आणि मंदिराचे आवार सखल राहिले. त्यामुळे मोठ्या पावसात तेथे पाणी साचते. येथे पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मान्सूनचा असतो. प्रत्येक नवा मालक भराव टाकून आपले जोते उंच करू लागला, तर त्याचे घर कोरडे राहील. पाणी मात्र सखल भागाकडे, म्हणजे शेजाऱ्याकडे व मंदिराकडे वळेल.

म्हणून केंद्रासाठी जागेवर भराव न घालता इमारत खांबांवर किंवा मर्यादित जोत्यावर उचलणे आणि उरलेली जमीन फरशीने न झाकणे इष्ट ठरते. तमिळनाडूने २००३ मध्ये इमारतींना पर्जन्यजल संचयन बंधनकारक केले. मात्र चिकणमातीच्या आणि पावसाळ्यात भूजलपातळी वर येणाऱ्या जागी केवळ शोषखड्डा पुरत नाही. तेथे साठवण टाकी अधिक उपयोगी पडते. कुंभकोणमच्या महामहम् तलावासारखी मंदिरांची तळी याच विचाराची साक्ष देतात.

हवा, प्रकाश आणि आरोग्य

राष्ट्रीय इमारत संहितेतील पाच हवामान विभागांपैकी हा प्रदेश ‘उष्ण-दमट’ विभागात येतो. येथे जाड भिंतींपेक्षा सावली व खेळती हवा महत्त्वाची असते. पारंपरिक तमिळ घरातील ओटा (तिण्णै), मधला चौक (मुट्रम्), कौलारू छप्पर आणि रुंद वळचण ही त्याचीच साधने होत. नव्या भिंतींसाठी बेकर यांनी रूढ केलेली पोकळ रचनेची वीटबांधणी वापरल्यास सुमारे २५ टक्के विटा वाचतात. २०१८ च्या ‘गज’ चक्रीवादळाचा अनुभव पाहता छप्पर पक्के जखडणे मात्र अनिवार्य आहे.

गोंदणाच्या खोलीचे नियम वेगळे आहेत. एकच सुई अनेकांना वापरल्यास हेपटायटिस बी, हेपटायटिस सी व एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. त्यामुळे धूळ येणारा उघडा चौक या कामास चालत नाही. धुता येतील अशा भिंती, सांधे नसलेली जमीन, हात धुण्याची सोय, निर्जंतुकीकरणाची स्वतंत्र जागा आणि वापरलेल्या सुयांसाठी न भोसकणारा डबा आवश्यक ठरतो. उत्तरेकडील खिडकीतून दिवसभर बऱ्यापैकी स्थिर प्रकाश मिळतो. वातानुकूलन लागलेच तर या एका खोलीपुरते ठेवावे. नृत्य, विणकाम व सभा चौकात आणि ओट्यावर होऊ शकतात. अशा विभागणीने विजेची मागणी मर्यादित राहते.

समारोप

शाश्वत विकास उद्दिष्ट ११.४ सांस्कृतिक व नैसर्गिक वारशाच्या रक्षणावर भर देते. दारासुरमच्या संदर्भात त्याचा अर्थ स्पष्ट आहे. इमारतीला मिळालेले हरित मानांकन मोलाचे खरे. परंतु तिच्यामुळे शेजारचे पाणी कोठे जाते आणि तिच्या छपराखाली कोणाला काम मिळते, या दोन प्रश्नांची उत्तरे अधिक निर्णायक आहेत. आठशेहून अधिक वर्षे टिकलेल्या मंदिराशेजारी बांधताना हे भान सुटता कामा नये.

अभ्यासासाठी प्रश्न

१. प्रतिषिद्ध व विनियमित क्षेत्र यांतील फरक स्पष्ट करा.
२. उष्ण-दमट हवामानातील पारंपरिक गृहरचनेची वैशिष्ट्ये सांगा.
३. ‘जुन्या वास्तूचा पुनर्वापर हा शाश्वत विकासाचा मार्ग आहे.’ सोदाहरण चर्चा करा.